मार्शल आर्ट करणारे लोक किती शिकलेले असतात? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की क्लासला पोरगं घालायला आलेले पालक, तालमीत मुलगा ठेवलेले शेतकरी आणि मधूनच एखादा आयटीवाला, सगळे फिरून फिरून हेच विचारतात. म्हणून एकदाच लिहून टाकतोय. कुस्ती पण यात धरलीय, काही लोकांना ती मार्शल आर्ट वाटत नाही, पण कुस्ती सोडून महाराष्ट्रात या विषयावर बोलायचं म्हणजे अर्धाच विषय झाला.

मारामारी शिकणारी पोरं अभ्यासात मागं असतात, खरंय का?

सरसकट नाही. आणि कराटे करणारी मुलं हुशारच निघतात असं जे क्लासच्या बॅनरवर छापलेलं असतं ते पण सरसकट खरं नाही. माझं म्हणणं असं की त्या कलेत पैसा कुठून कुठं जातो ते आधी बघा. जिथं शिकणारा फी भरतो तिथं शिकलेल्या घरातली मुलं जास्त दिसणारच, कारण फी, ड्रेस, बेल्टची परीक्षा, स्पर्धेची एन्ट्री आणि वर संध्याकाळी सोडायला-आणायला घरात कोणीतरी मोकळं असणं, हे पगारदार घराला जमतं. जिथं खेळातूनच घरात पैसा येईल अशी आशा असते, म्हणजे मैदानाचं इनाम, बक्षिसाची बुलेट, पुढं पोलिसात नाहीतर आर्मीत नोकरी, तिथं शेतकरी आणि मजूर घरातली पोरं जास्त असतात आणि शाळा मागं पडायची भीतीही तिथंच जास्त असते. यात पंच-किकचा किंवा डावपेचांचा काही दोष नाही.

युरोपियन युनियन दर काही वर्षांनी खेळ-व्यायामाचा मोठा सर्व्हे करतं, त्यातही हेच दिसतं, जास्त वर्षं शिकलेले लोक व्यायाम जास्त करतात आणि लवकर शाळा सोडलेल्यांमध्ये "कधीच नाही" म्हणणारे जास्त. म्हणजे क्लासमध्ये पदवीधर जास्त दिसले की लगेच त्याचं श्रेय कराटेला द्यायचं कारण नाही, ते पदवीधर जिमला आणि बॅडमिंटनला पण जास्तच जातात.

अजून एक घोळ असतो. कुठल्याही क्लासमध्ये बघा, मोठा भाग शाळकरी मुलांचा. बारा वर्षाच्या मुलाचं शिक्षण किती, तर सहावी-सातवी! त्याला "कमी शिकलेला" म्हणायचं का? तिथं आईबापांचं शिक्षण बघायला पाहिजे, आणि मोठ्या माणसांचं वेगळं मोजायला पाहिजे.

कराटे आणि ज्युदो मास्तर लोकांनीच सुरू केले असं म्हणतात, ते काय आहे?

अगदी खरं आहे आणि आपल्याकडे हे कोणी सांगतच नाही, सगळ्यांना फक्त फळी फोडणारे दिसतात. ज्युदो काढणारे जिगोरो कानो १८८१ ला टोकियो विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडले, गाकुशुइन या बड्या घरातल्या मुलांच्या शाळेत शिकवायला लागले आणि १८८२ मध्ये एका देवळाच्या जागेत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. पुढं शिक्षक तयार करणाऱ्या टोकियो हायर नॉर्मल स्कूलचे ते अनेक वर्षं प्रिन्सिपल होते, आणि १९०९ ला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर गेलेले पहिले आशियाई सदस्य पण तेच. जुजुत्सू ही जपानची जुनी झटापटीची कला वेगवेगळ्या घराण्यांत विखुरलेली होती, त्यातले धोकादायक डाव बाजूला काढून बाकीचं शाळेत शिकवता येईल असं त्यांनी बसवलं. आज सगळीकडे दिसणारी क्यू (ब्लॅक बेल्टच्या आधीच्या) आणि दान (ब्लॅक बेल्टपासून पुढच्या) अशी पायरी-पायरीची पद्धत मार्शल आर्टमध्ये त्यांनीच आणली, आणि त्यामागं मास्तरचं डोकं आहे हे दिसतंच.

कराटेची कथा पण तशीच. ओकिनावात आन्को इतोसू यांनी १९०० च्या सुमाराला शाळांमध्ये कराटे नेलं. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी, यांना खरं तर डॉक्टर व्हायचं होतं, टोकियोच्या मेडिकल स्कूलची प्रवेश परीक्षा पण पास झाले, पण तेव्हा नव्या सरकारने डोक्यावरची जुनी शेंडीवजा गाठ बंद केलेली आणि घरचे ती कापायला तयार नाहीत, म्हणून डॉक्टरकी राहिली आणि ते शाळामास्तर झाले. १९२२ ला टोकियोत प्रात्यक्षिक दाखवायला गेले ते तिथंच राहिले, आणि १९२४ ला केओ विद्यापीठात कराटेचा क्लब उभा राहिला. पुढं वासेदा, ताकुशोकू अशी एकेक विद्यापीठं आली. म्हणजे जपानच्या मुख्य बेटावर कराटे वाढलं तेच कॉलेजच्या पोरांमध्ये, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जे सेन्सेई म्हणजे शिक्षक अमेरिका-युरोपला गेले त्यातले कितीतरी या विद्यापीठ क्लबमधले पदवीधर होते. जपानने २०१२ पासून माध्यमिक शाळेत बुदो म्हणजे जपानी मार्शल आर्ट सक्तीचं केलं, ज्युदो, केंदो (तलवारबाजी), सुमो असं काहीतरी मुलांना करावंच लागतं. हे सगळं त्याच धाग्यातलं.

आपल्या देशातही ज्युदो एका शिक्षणसंस्थेतूनच शिरला म्हटलं तरी चालेल. रवींद्रनाथ टागोरांनी १९२९ ला शिंझो ताकागाकी नावाचे ज्युदो शिक्षक शांतिनिकेतनात बोलावले होते, आणि तिथं मुलांबरोबर मुलीही शिकत होत्या. १९२९ ला, हां!

मग तालमीतली पोरं शाळा का सोडतात?

इथं जरा सविस्तर लिहितो कारण यावर लोक फार पटकन निकाल देतात.

तालमीचा दिवस पहाटे सुरू होतो. जोर, बैठका, मग हौद्यात म्हणजे आखाड्याच्या मातीत लढत, मग अंग टाकून झोप, दुपारी परत खुराक आणि संध्याकाळी पुन्हा मेहनत. या वेळापत्रकात शाळा बसते कुठं? सकाळच्या शाळेत पोरगं गेलं तरी बाकावर झोपणार. त्यात तालीम गावापासून लांब, कोल्हापुरात नाहीतर पुण्यात, शाळेचा दाखला गावात आणि पोरगं तालमीत, हजेरी लागते कशी हे सगळ्यांना माहितीय, त्यावर न बोललेलं बरं. दुसरं म्हणजे खुराक. दूध, तूप, बदाम, फळं यांचा महिन्याचा खर्च बापाच्या अंगावर येतो आणि बाप मनात हिशोब मांडतो की एवढं घातलंय तर पोरानं आता पूर्ण वेळ कुस्तीच करावी. तिसरं, यात्रांचा हंगाम आणि परीक्षा नेमकी एकाच वेळी येतात, फेब्रुवारी ते मे. गावोगावच्या मैदानात हातावर रोख मिळत असताना भूगोलाच्या पेपरला कोण जाणार.

पण म्हणून कुस्ती ही अडाण्यांची परंपरा आहे असं कोणी म्हणालं तर मला राग येतो. ज्या राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूरच्या तालमींना आणि मल्लांना आधार दिला, ज्यांच्या काळात १९१२ ला खासबाग मैदान उभं राहिलं, त्यांनीच १९०१ पासून मुलांसाठी बोर्डिंगं काढली आणि १९१७ ला संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. एकच माणूस दोन्ही गोष्टी करत होता. त्याच्या डोक्यात यात भांडण नव्हतं, आपण मध्येच कुठंतरी ते लावलं.

खाशाबा जाधव कॉलेजला गेले होते का?

हो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा, कराडच्या टिळक हायस्कूलला शिकले आणि मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजला गेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला सहावे आले, १९५२ ला हेलसिंकीला ब्राँझ मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्रिन्सिपल खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, हे पण लक्षात ठेवा, म्हणजे देशाच्या पहिल्या वैयक्तिक पदकामागं एक प्रिन्सिपल उभा आहे. नंतर १९५५ ला खाशाबा पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले.

तालमीत राहून दहावी-बारावी कशी करायची?

रस्ते आहेत, फक्त कोणीतरी फॉर्म भरायला पाहिजे. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावीला बसता येतं. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, तिथं एकेक विषय करत सोडवता येतो, मैदानाच्या हंगामात एखादा पेपर राहिला तरी सगळं वर्ष बुडत नाही. बारावीनंतर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच.

पैलवान थोडा चमकदार असेल आणि वय लहान असेल तर आर्मीच्या बॉइज स्पोर्ट्स कंपनीची चाचणी द्या. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीकडे कुस्ती आहे, पुण्यात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे. राहणं, खाणं, ट्रेनिंग आणि शाळा सगळं तिथंच होतं आणि नंतर भरतीचा रस्ता मोकळा असतो. राज्याची क्रीडा प्रबोधिनी आहे, तिथंही शाळा आणि खेळ एका छताखाली. वस्तादांशी पण आधीच बोला. बरेच वस्ताद आता स्वतःच विचारतात, पोरा कितवीला हाईस, निकाल दाखव. जो वस्ताद शाळेचं नाव काढलं की तोंड वाकडं करतो त्याच्याकडे पोरगं ठेवताना दोनदा विचार करा.

खेळाच्या कोट्यातून नोकरी मिळतेच ना, मग डिग्री कशाला?

हा सगळ्यात महाग पडणारा गैरसमज. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, गट अ पासून गट ड पर्यंत. पण त्या पदाला जी शैक्षणिक पात्रता आहे ती लागतेच. पोलीस शिपायाला बारावी, पीएसआयला ग्रॅज्युएशन. म्हणजे राष्ट्रीय मेडल घरात आहे, कोट्यात जागा पण रिकामी आहे, आणि पोरगा दहावी नापास म्हणून अर्जच करू शकत नाही, असं होतं, मी जवळून बघितलंय.

लोक लगेच राहुल आवारे आणि विजय चौधरी या पैलवानांची नावं घेतात, डायरेक्ट डीवायएसपी झाले म्हणून. झाले, बरोबर. पण एकाच्या नावावर कॉमनवेल्थचं गोल्ड आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपचं ब्राँझ आहे, दुसरा २०१४, १५ आणि १६ असा सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी. तेवढं करणारे किती निघतात? बाकीच्या हजारो पोरांनी शिपाई, लिपिक, तलाठी या जागांकडे बघून शिक्षण ठरवावं.

आणि सर्टिफिकेट क्रीडा खात्याकडून आधी पडताळून घ्यावं लागतं. कोणी एजंट "राष्ट्रीय सहभागाचं करून देतो" म्हणाला तर पळा. बोगस सर्टिफिकेटवर लागलेल्यांच्या चौकशा झाल्यात.

ब्लॅक बेल्टला दहावीत ग्रेस मार्क मिळतात का?

नाही. बेल्टला शून्य. मार्क मिळतात ते मान्यताप्राप्त खेळाच्या स्पर्धेतल्या सहभागाला किंवा नंबराला, आणि तो खेळ शासनाच्या यादीत असला पाहिजे. अर्ज शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडून बोर्डाकडे जातो, नियम आणि याद्या बदलत राहतात म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच शाळेच्या पीटी सरांना विचारा, फेब्रुवारीत नको. आणि ज्या स्पर्धेत प्रत्येक मुलाला मेडल मिळतं, जिचं नाव "इंटरनॅशनल" असतं आणि जी एखाद्या मंगल कार्यालयात होते, तिच्या सर्टिफिकेटचा इथं उपयोग नाही, भिंतीवर छान दिसतं तेवढंच.

परदेशात काय चित्र आहे?

तिकडंही पैशाची दिशा बघितली की उलगडतं. जपानमध्येच बघा, ज्युदो विद्यापीठात वाढला पण सुमोचं वेगळं. सुमोत हेया म्हणजे आखाड्यात राहायला जायचं, पंधराव्या वर्षी सक्तीचं शिक्षण संपलं की पोरगं आत, मग स्वयंपाक, झाडू, मोठ्यांची सेवा आणि सराव. आपल्या तालमीची आठवण येते ना? बराच काळ सुमोपटू म्हणजे कमी शिकलेला हेच समीकरण होतं. वाजिमा हा निहोन विद्यापीठाचा पदवीधर १९७३ ला योकोझुना म्हणजे सुमोतल्या सगळ्यात वरच्या पायरीवर गेला तेव्हा ते नवलच होतं. आता कॉलेज सुमोतून येणारे बरेच आहेत, विद्यापीठाच्या मोठ्या स्पर्धा जिंकलेल्यांना खालच्या पायऱ्या सोडून वरून सुरुवात करता येते, आणि २०२५ ला योकोझुना झालेला ओनोसातो पण निप्पॉन स्पोर्ट सायन्स युनिव्हर्सिटीचा.

चीनमध्ये शाओलिनच्या शेजारी देंगफेंगला मार्शल आर्टच्या प्रचंड निवासी शाळा आहेत, एकेका शाळेत हजारो मुलं, दिवसाचा काही भाग वर्ग आणि बाकी वुशू म्हणजे चिनी मार्शल आर्ट. बरीचशी साध्या घरातली, पुढं सैन्य, पोलीस, सिक्युरिटी नाहीतर सिनेमा अशी आशा धरून आलेली. जॅकी चॅन लहानपणी हाँगकाँगच्या चायना ड्रामा अकॅडमीत दहाएक वर्षं राहिला, तिथं उड्या आणि मार खाणं भरपूर, शालेय शिक्षण जेमतेम, आणि नीट लिहितावाचता येत नाही याची खंत त्याने स्वतः जाहीरपणे बोलून दाखवलीय. ब्रूस ली युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनला १९६१ ला गेला, पण डिग्री न घेताच बाहेर पडला. थायलंडला मुए थाईत म्हणजे तिकडच्या किकबॉक्सिंगसारख्या खेळात ईसान भागातल्या गरीब शेतकरी घरातली पोरं आठ-दहाव्या वर्षापासून पैशासाठी रिंगणात उतरतात, तिथं शाळेचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

रिंगमध्ये नाक फोडणारे लोक तर शिकलेले नसतीलच?

ऐका मग. हेवीवेट बॉक्सिंग गाजवलेले क्लिच्को भाऊ, व्हिताली आणि व्लादिमिर, दोघंही क्रीडाशास्त्रात पीएचडी. रोझी सेक्स्टन ही इंग्लंडची एमएमए (सगळे मार्शल आर्ट एकत्र करून लढायचा खेळ) फायटर, केंब्रिजला गणित आणि मँचेस्टरला थिऑरेटिकल कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी. यूएफसी या एमएमएच्या मोठ्या स्पर्धेचा माजी मिडलवेट चॅम्पियन रिच फ्रँकलिन आधी शाळेत गणित शिकवायचा. यूएफसीचाच चक लिडेल, तो मोहॉक केसवाला, अकाउंटिंगचा पदवीधर. सिनेमातला डॉल्फ लुंडग्रेन क्योकुशिन या कराटेच्या प्रकारात युरोपियन चॅम्पियन आणि सिडनी विद्यापीठाचा केमिकल इंजिनियरिंगमधला मास्टर्स, एमआयटीची स्कॉलरशिप मिळालेली ती सोडून अभिनयात गेला. एमएमए फायटर रोंडा राउझीच्या आई ॲनमरिया डी मार्स, १९८४ ला ज्युदोची वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकणारी पहिली अमेरिकन व्यक्ती, शैक्षणिक मानसशास्त्रात पीएचडी. आणि स्वतः रोंडाने शाळा मध्येच सोडली होती! एकाच घरात दोन्ही टोकं.

अमेरिकेत कुस्ती कॉलेजच्या स्कॉलरशिपवर चालते, त्यामुळे तिकडचे बरेच एमएमएवाले कॉलेज कुस्तीतून आलेले आणि म्हणून शिकलेले. आपल्याकडं तालीम आणि कॉलेज यांच्यामध्ये असा पक्का पूल बनलाच नाही.

कराटेने अभ्यासात फरक पडतो का?

थोडा पडू शकतो, चमत्कार नाही. २००४ मध्ये अमेरिकेतल्या एका शाळेतला अभ्यास प्रसिद्ध झाला, लहान वर्गातल्या मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले, काहींना नेहमीचा पीटी आणि काहींना मार्शल आर्ट. मार्शल आर्टवाल्यांचं स्वतःवरचं नियंत्रण आणि वर्गातलं वागणं जास्त सुधारलं, आणि तोंडी गणितातही ते पुढं होते. पण तो एका शाळेतला काही महिन्यांचा प्रयोग होता आणि शिकवणारा नीट शिकवत होता. जिथं साठ मुलं एका ओळीत उभी करून सर मोबाइल बघतायत तिथं हा फायदा मागू नका.

दहावीच्या वर्षी क्लास बंद करावा का?

मी तर नाही म्हणतो. आठवड्याचे दिवस कमी करा, स्पर्धा आणि बेल्ट परीक्षा त्या वर्षापुरत्या सोडा, पण पूर्ण बंद केलेलं पोरगं बहुतेक वेळा परत येत नाही, आणि वाचलेला वेळ पुस्तकात जातो की रील्समध्ये हे तुमचं तुम्हाला माहीत.

मुलींचं शिक्षण आणि मार्शल आर्ट, वेगळं काही आहे का?

सरकारी शाळांमध्ये समग्र शिक्षा या सरकारी योजनेखाली मुलींना तीन महिन्यांचं स्वसंरक्षण प्रशिक्षण मिळतं, सहावी ते बारावी. कागदावर छान, प्रत्यक्षात शाळेवर आणि येणाऱ्या ट्रेनरवर अवलंबून. तीन महिन्यांत कोणी लढवय्यी होत नाही, पण काही मुलींना तिथून गोडी लागते आणि त्या पुढं क्लासला येतात. कुस्तीत २०२३ ला सांगलीला पहिल्यांदा महिलांची महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली. माझ्या बघण्यात मुलींच्या घरचे शाळा सहसा सोडू देत नाहीत, उलट बारावीनंतर खेळच सोडायला लावतात. मुलग्यांचं संकट शाळा सुटण्याचं, मुलींचं मॅट सुटण्याचं.

शिकवणाऱ्या सरांचं शिक्षण किती असावं? नावापुढं "डॉ." असलं की बरं ना?

डॉ. बघून हुरळू नका. मार्शल आर्टच्या दुनियेत मानद डॉक्टरेट विकत मिळतात, हॉटेलच्या हॉलमध्ये गाऊन घालून फोटो काढला की झाले डॉक्टर. विद्यापीठाचं नाव विचारा आणि यूजीसीची बोगस विद्यापीठांची यादी जाहीर असते ती बघा. दहावा दान, ग्रँडमास्टर, हे सगळं पण जरा शंका ठेवूनच ऐकायचं, वय तीस आणि दान आठवा असं असेल तर गणित जुळत नाही.

खरं शिक्षण असेल तर ते असं दिसतं, बीपीएड किंवा एमपीएड केलेलं असतं, किंवा पतियाळाच्या एनआयएसचा म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंग डिप्लोमा. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तिथं भारतीय खेळ दाखवले होते, तिथून शारीरिक शिक्षणाची डिग्री घेतलेले लोक महाराष्ट्रभर शाळांमध्ये आहेत. पण कागद नसलेला आणि आयुष्य मातीत घातलेला वस्ताद अशा डिग्रीवाल्यापेक्षा डाव चांगला शिकवू शकतो, यात वाद नाही. फक्त प्रथमोपचार आणि लहान मुलांना किती ताण द्यायचा एवढं त्याला कळायला हवं.

मी पस्तीशीचा इंजिनियर आहे, आता सुरू करून चालेल का?

चालेल. पुण्या-मुंबईच्या जिऊ-जित्सू आणि किकबॉक्सिंगच्या बॅचला संध्याकाळी ऑफिसवालेच जास्त असतात. पहिले दोन-तीन महिने ईगो घरी ठेवून या, तिथं अकरावीतलं पोरगं तुम्हाला चोक (गळ्याचा डाव) लावेल आणि वर "सर, टॅप करायचं असतं", म्हणजे हार मानली की हाताने थोपटायचं, असं शिकवेल पण.

बायोडेटात ब्लॅक बेल्ट लिहावा का?

लिहा, शिक्षणाच्या रकान्यात नको, छंद किंवा खेळाच्या रकान्यात लिहा, आणि सोबत संघटनेचं नाव आणि वर्ष द्या, म्हणजे मुलाखतीत कोणी विचारलं तर सांगता येईल.